शून्य ते चार

फॉर्मवर नाव नसतं.
क्रमांक, वर्ष, देश, एवढंच.
मी लेइदा. निवृत्त झाले, तरी हिवाळ्यात इथे येते,
तार्तूच्या दंतमहाविद्यालयाच्या तळघरात बसून
चार देशांतल्या मुलांची उत्तरं आकड्यांत भरते.
मुळीच पटत नाही म्हणजे शून्य.
अगदी पटतं म्हणजे चार.
बाहेर तीन वाजताच काळोख होतो
आणि हीटर अक्कलदाढेसारखा ठणकत राहतो.

कुमासीचा गठ्ठा.
प्रश्न बावीस: उपकरणं पुरेशी आहेत.
शून्य. शून्य. एक. शून्य.
एकाने समासात निळ्या शाईने लिहिलंय:
वीज गेली तेव्हा रूट कॅनाल अर्ध्यावर होतं.
पेशंटनेच मोबाइलचा टॉर्च धरला,
आ वासून, वीस मिनिटं.
त्याच्याच पुढच्या ओळीत,
मला इथे शिकायला आवडतं:
चार. चाराभोवती दोन गोल.
समासातलं भरायला माझ्याकडे रकाना नाही.

अरेकिपाच्या एका फॉर्मला बसचं तिकीट चिकटून आलं.
प्राध्यापक मेरिके म्हणाल्या, तिथे पेशंट मुलांनीच शोधायचे.
म्हणजे कुणी चौथ्या वर्षाची पोरगी
पहाटे बाजारात पाववालीच्या तोंडात डोकावत असणार,
दाताच्या कण्या करून तिला पटवत असणार,
जाण्यायेण्याचं भाडं आपल्या खिशातून,
आणि परीक्षेच्या दिवशी बाई आलीच नाही तर
समोर नुसती खुर्ची.
माझा वेळ माझ्या हातात असतो: एक.
तो एकसुद्धा उदार वाटला मला.
तिकीट मी फेकलं नाही.

आमच्या मुलांचे फॉर्म कोरे करकरीत,
घडीसुद्धा नाही.
नव्या खुर्च्या, बिनसावलीचे दिवे,
कुणी कुणावर ओरडत नाही.
कुणी बोलतही नाही.
प्रश्न तीस: इथे माझे चांगले मित्र आहेत.
शून्य. एक. शून्य. शून्य.
ओळीने आलेली शून्यं भरायला सोपी,
बोट उचलावंच लागत नाही.

मग एरझुरुम, फॉर्म एकशे सतरा.
प्रश्न एकोणचाळीस: शिक्षक चारचौघांत पाणउतारा करतात.
शून्यालाही गोल, चारालाही गोल,
आणि पेन इतकं दाबलेलं की कागद फाटलाय.
नियम स्पष्ट आहे: दोन उत्तरं असतील तर नऊ टाकायचा.
नऊ म्हणजे उत्तर नाही.

मी नऊवर बोट ठेवून बसले.

चौऱ्याहत्तर साली मी दुसऱ्या वर्षाला होते.
प्लास्टरची दाढ कोरायची होती, खालची, पहिली.
सरांनी माझी उचलली, सगळ्या वर्गाला दाखवली:
ही दाढ की उकडलेला बटाटा?
सगळे हसले. मीही हसले, दात काढून.
दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्याही.
वर्षभराने त्याच इमारतीत नोकरीला लागले,
आणि तीस वर्षं त्याच सरांच्या शेजारी उभी राहून
थुंकी ओढणारी नळी धरली.
माणूस वाईट नव्हता.
दर सप्टेंबरला घरची सफरचंदं आणायचे,
माझी आई गेली तेव्हा
पेटी उचलायला पुढे तेच होते.
दाढेचा विषय त्यांनी कधी काढला नाही,
मीही नाही.
मला कुणी हा फॉर्म दिला असता
तर माझाही कागद तिथेच फाटला असता.

मेरिके दारात येऊन विचारतात, सरासरी निघाली का?
कुठल्या देशातली मुलं जास्त समाधानी?
काढतेय, म्हणते.
त्यांना घाई आहे. गाडी बर्फात उभी आहे.

मी नऊ टाकते.

एकशे अठरावर चहाचा डाग आहे.
पन्नासच्या पन्नास उत्तरं तीन.
कुणीतरी घाईत भरलाय,
नाहीतर सुखात.